समुपदेशकाचे कोण ऐकते?

गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ या संस्थेने नैराश्याच्या ४९३ रुग्णांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना आरोग्य केंद्रातले नेहमीचे उपचार मिळाले, उरलेल्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ भेटींचे समुपदेशन. तीन महिन्यांनी पाहिले, तर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते आणि नुसते नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ३९ टक्के. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या या निष्कर्षांची जगभर चर्चा झाली, कारण समुपदेशन करणाऱ्यांकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. थोड्या प्रशिक्षणानंतर कामाला लागलेले ते साधे कार्यकर्ते होते.

या प्रयोगाबद्दल सांगताना एक गोष्ट बहुतेक वेळा गाळली जाते आणि समुपदेशकाच्या दृष्टीने तीच सर्वांत कामाची आहे. या कार्यकर्त्यांच्या भेटी ध्वनिमुद्रित होत. मग सगळे एकत्र बसून एखादी भेट ऐकत, ठरलेल्या निकषांवर तिला गुण देत आणि ज्याची ती भेट असेल त्याला काय जमले, काय निसटले ते सांगत. सुरुवातीला तज्ज्ञ सोबत असत. पुढे सहकारीच एकमेकांसाठी हे काम करू लागले आणि त्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी चांगले जुळत असल्याचे दिसले.

महाराष्ट्रात समुपदेशनाकडे वळणारे वाढले, तशा कार्यशाळांच्या जाहिरातीही वाढल्या. एका शनिवार-रविवारी सीबीटी, पुढच्या महिन्यात आर्ट थेरपी, त्यानंतर ट्रॉमा. एम. ए. झालेली मुलगी तुटपुंज्या पगारातून पैसे बाजूला काढून हे कोर्स करते, मन लावून टिपणे काढते, प्रमाणपत्रे जमवते. तिच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण चार वर्षे काम करूनही तिची एकही भेट दुसऱ्या कोणी ऐकलेली नसते. गाणे शिकणारा गुरूसमोर गातो, गुरू त्याला थांबवतो, तीच जागा पुन्हा घ्यायला लावतो. समुपदेशनाचा रियाज मात्र वर्षानुवर्षे बंद खोलीत, ऐकणाऱ्याशिवाय चालतो.

नुसत्या अनुभवाने हात बसतो, ही समजूत इथे टिकत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत १७० थेरपिस्ट आणि त्यांचे ६,५९१ रुग्ण यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. काही थेरपिस्टांच्या तर अठरा वर्षांपर्यंतच्या नोंदी त्यात होत्या. अनुभव वाढला तशी रुग्णांमधली सुधारणा सरासरीने वाढली नाही, उलट किंचित घसरली. त्याआधी २०१२ मधल्या एका पाहणीत १२९ मानसिक आरोग्य व्यावसायिकांना स्वतःचे कौशल्य इतरांच्या तुलनेत कुठे बसते ते विचारले होते. सरासरीच्या खाली आहोत, असे एकानेही म्हटले नाही. चौघांतल्या एकाने तर स्वतःला सर्वोत्तम दहा टक्क्यांत बसवले. यात कोणी खोटे बोलत होते असे नाही. आपले काम बाहेरून दिसण्याची सोयच नसेल, तर ते चांगले चालले आहे असे वाटत राहते.

म्हणून व्यावसायिक वाढीचा पहिला खर्च कशावर करावा, या प्रश्नाचे उत्तर सुपरव्हिजन, म्हणजे आपले काम दुसऱ्या जाणत्या माणसापुढे ठेवून तपासून घेणे, हेच आहे. पुढच्या कोर्सची फी भरण्याआधी समुपदेशकाने आपल्या कामाचा एखादा तुकडा कोणालातरी ऐकवावा.

हे प्रत्यक्षात कसे करायचे? सर्वांत आधी संमती. ती लेखी हवी, क्लायंटच्या बोलीत समजावलेली हवी आणि नकार दिला तरी भेटींमध्ये काही फरक पडणार नाही, हे क्लायंटला पटेल असे सांगितलेले हवे. ध्वनिमुद्रण कोण ऐकणार, किती दिवस राहणार आणि केव्हा पुसले जाणार, हे त्याच कागदावर असावे. मुद्रण स्वतःच्या रोजच्या फोनवर करू नये. तिथून ते कुटुंबाच्या सामायिक क्लाउड खात्यात आपोआप चढू शकते आणि घरातल्या दुसऱ्या फोनवर दिसू शकते.

ऐकायला पूर्ण तास लागत नाही. जिथे आपण अडखळलो असे समुपदेशकाला वाटले, ती दहा मिनिटे पुरतात. त्या दहा मिनिटांत कोण जास्त बोलले? सल्ला कितव्या मिनिटाला सुरू झाला? क्लायंट ‘जीव घाबरतो’ म्हणाली तेव्हा केव्हा, कुठे, सोबत कोण असताना, हे विचारले गेले की समुपदेशकाने मनातल्या मनात त्याला ‘अँग्झायटी’चे लेबल लावून पुढचा प्रश्न घेतला? ती रडू लागली तेव्हा किती सेकंदांत तिला गप्प केले गेले? असे प्रश्न पुस्तकात सापडत नाहीत, ध्वनिमुद्रणात सापडतात. इंग्रजीतून शिकलेले तंत्र मराठीत बोलताना किती ताठर होते, हेही तिथेच ऐकू येते. सासूशी झालेल्या भांडणाबद्दल बोलणाऱ्या बाईला ‘तुमच्या स्वयंचलित नकारात्मक विचारांची नोंद करा’ असे सांगणारा आपलाच आवाज ऐकला की पुढच्या भेटीत भाषा आपोआप बदलते.

ध्वनिमुद्रण अशक्य असेल, आणि शाळांत, कौटुंबिक न्यायालयांत किंवा सरकारी रुग्णालयांत ते बऱ्याचदा अशक्यच असते, तर भेट संपल्यावर लगेच पंधरा मिनिटे काढून आठवेल तसा संवाद लिहून काढावा. सारांश लिहू नये. ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, असे शब्दशः लिहावे. स्मृती स्वतःची बाजू घेते, त्यामुळे हे ध्वनिमुद्रणाइतके खरे नसते. तरी काहीच नसण्यापेक्षा ते फार उपयोगी आहे.

सुपरव्हायझर कुठून आणायचा? मुंबई, ठाणे, पुणे इथे हे त्यामानाने सोपे आहे. १९९०पासून ठाण्यात काम करणारी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही हेल्पलाइन, अशा ठिकाणी वर्षे काढलेली अनुभवी माणसे आज स्वतंत्रपणेही काम करतात. हिंगोलीतल्या किंवा सिंधुदुर्गातल्या समुपदेशकाला इतकी निवड नसते. तिथे चार-पाच समवयस्कांचा गट हा खरा उपाय आहे. पंधरा दिवसांतून एकदा दीड तास व्हिडिओ कॉल, दर वेळी एकाच्या कामाचा तुकडा आणि दोन महिन्यांतून एकदा फी देऊन बोलावलेला ज्येष्ठ. गटाच्या बैठकीत क्लायंटचे नाव, गाव, नोकरीचे ठिकाण यांतले काहीही उच्चारायचे नाही. छोट्या जिल्ह्यात ‘अमुक बँकेत असलेल्या बाई’ एवढ्यावरही ओळख पटते.

दूर असणे हे न शिकण्याचे कारण होऊ शकत नाही, याचा एक मोठा दाखला मराठीतच आहे. विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडणारे अल्बर्ट एलिस न्यूयॉर्कमध्ये होते आणि कि. मो. फडके मुंबईत. फडक्यांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला, शंका विचारल्या, वाद घातले आणि ही पद्धती महाराष्ट्रात रुजवली. पत्र जायला आणि उत्तर यायला आठवडे लागत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

सुपरव्हिजनइतकाच स्वस्त आणि दुर्लक्षित असा दुसरा आरसा म्हणजे खुद्द क्लायंट. अमेरिकेत एका अभ्यासात थेरपिस्टांना त्यांच्या ५५० क्लायंटपैकी कोणाची अवस्था बिघडणार, याचा अंदाज करायला सांगितले. त्यांनी तिघांची नावे सांगितली. प्रत्यक्षात चाळीस जणांची अवस्था बिघडली आणि त्या तिघांपैकी फक्त एक जण त्या चाळिसांत होता. डोळ्यांसमोर बसलेले माणूस खचत चालल्याचे अनुभवी डोळ्यांनाही दिसत नाही, इतकाच त्याचा अर्थ. पण त्यामुळे दर भेटीत मोजण्याची सवय किती गरजेची आहे, हे कळते. नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत मिळते, पाच मिनिटांत भरून होते आणि शून्य ते सत्तावीस असा आकडा देते. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कागद फाइलला लावण्याआधी तिथले उत्तर वाचलेच पाहिजे. शेवटची दोन मिनिटे एका साध्या प्रश्नासाठी राखावीत: आज आपण जे बोललो, त्यात तुमच्या कामाचे काय होते आणि काय नव्हते? आपल्याकडे मोठ्यांना किंवा शिकलेल्यांना तोंडावर नाही म्हणायची रीत नाही, त्यामुळे पहिल्या काही वेळा ‘सगळं छान होतं’ असेच उत्तर येईल. विचारत राहावे. पाच-सहा भेटींत आकडा हलत नसेल, तर पद्धत बदलावी, केस सुपरव्हिजनला न्यावी किंवा क्लायंटला दुसरीकडे पाठवावे. क्लायंटला ‘अजून तुमची तयारी नाही’ असे सांगणे हा शेवटचा पर्याय असावा.

आता कायद्याकडे. पाटीवर काय लिहायचे इथूनच सुरुवात होते. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. १९९२च्या कायद्यानुसार त्या नोंदणीविना असा व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. समुपदेशकांसाठी मात्र आजवर अशी एकच एक नोंदवही नव्हती. २०२१च्या संबंधित आणि आरोग्यसेवा व्यवसाय राष्ट्रीय आयोग कायद्याने हे चित्र बदलू लागले आहे, कारण त्यातल्या वर्तनविषयक आरोग्यसेवेच्या गटात मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते यांना जागा दिली आहे. त्याच कायद्याचा आधार घेऊन विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रमांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद करायला सांगितले. घर आणि नोकरी सांभाळून पत्राद्वारे एम. ए. करणाऱ्या असंख्य स्त्रियांची वाट त्याने अरुंद झाली, हे दुःख खरे आहे. पण समोर माणूस न बसवता समुपदेशन शिकता येते, हा भ्रमही दूर व्हायला हवा होता.

जे आधीच कामात आहेत, त्यांनी आतापासून कागद जमवावेत: प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, त्या वेळचा अभ्यासक्रम, इंटर्नशिपचे तास नमूद केलेले पत्र, सुपरव्हिजनच्या तारखा आणि सुपरव्हायझरची सही असलेली वही. उद्या कोणत्याही परिषदेने पात्रता तपासायला घेतली तरी हेच मागितले जाईल. आणि पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर, व्हॉट्सअॅपच्या ओळीत पदवी जशी आहे तशीच लिहावी.

सर्वांत अवघड वळण गोपनीयतेचे आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क मान्य करतो आणि कोणाच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश असे अपवादही सांगतो. त्यातल्या ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या व्याख्येत समुपदेशकाचे नाव नाही, पण म्हणून समुपदेशकाची जबाबदारी हलकी होत नाही. खरा पेच २०१२च्या पॉक्सो कायद्याने येतो. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा घडल्याचे कळले, तर ज्याला ते कळले त्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला सांगितलेच पाहिजे, असे कलम १९ म्हणते. न सांगितल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. समुपदेशकाला यातून सूट नाही.

अकरावीतली सोळा वर्षांची मुलगी येते. अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणते. तिसऱ्या भेटीत एकोणीस वर्षांच्या मित्राशी असलेल्या शरीरसंबंधाबद्दल सांगते, स्वखुशीने, आणि ‘घरी सांगू नका’ अशी विनवणी करते. कायद्याच्या लेखी तिच्या संमतीला अर्थ नाही. समुपदेशक गप्प राहिला तर कायदा मोडतो, सांगितले तर ती मुलगी पुन्हा कोणापाशीही तोंड उघडणार नाही. या पेचाचे तयार उत्तर कोणाकडेच नाही, पण तो तिसऱ्या भेटीत अचानक कोसळू नये, एवढी तजवीज पहिल्या भेटीत करता येते. मुलांशी काम करणाऱ्याने पहिल्या दहा मिनिटांतच सोप्या शब्दांत सांगावे: तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा अठरा वर्षांखालच्या कोणाशी लैंगिक वागणूक झाल्याचे मला कळले, तर मला ते पुढे सांगावे लागते आणि सांगण्याआधी मी तुझ्याशी बोलेन. पालकांनाही हेच, मुलासमोर सांगावे. मग प्रसंग आलाच तर एकट्याने निर्णय घेऊ नये. त्याच दिवशी सुपरव्हायझरशी बोलावे, वकिलाचा किंवा जिल्हा बालसंरक्षण कक्षाचा सल्ला घ्यावा, कोणाशी केव्हा बोललो याची नोंद ठेवावी आणि कळवताना मुलीला एकटी सोडू नये.

आत्महत्येच्या धोक्याबद्दलही हेच लागू आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्या वर्षी हा आकडा देशात सर्वाधिक होता. इथे समुपदेशन करणाऱ्या प्रत्येकासमोर कधी ना कधी असे माणूस बसणार आहे. ‘मरावंसं वाटतं का?’ हे थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही. न विचारल्याने मात्र माणूस एकटा पडतो. ‘पुन्हा असे करणार नाही’ असे लिहून घेण्यापेक्षा सुरक्षा आराखडा कागदावर काढावा: धोक्याची चाहूल कशी लागते, तेव्हा स्वतः काय करता येईल, कोणाकडे जाऊन बसता येईल, कोणाला फोन करायचा. शिवाय घरातले साधन दूर कसे ठेवायचे, हेही त्यात हवे. विदर्भ-मराठवाड्यात हा शेवटचा मुद्दा बहुतेक वेळा कीटकनाशकाचा असतो. डबा घरात, खाटेखाली असतो. तो शेजाऱ्याच्या कुलुपात जाईल का, हा प्रश्न बायकोला किंवा मुलाला सोबत घेऊन विचारायला हवा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. त्यासोबत जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीचे वार आणि जवळच्या दोन मानसोपचारतज्ज्ञांचे फोन समुपदेशकाच्या टेबलावर असावेत.

मध्यरात्री आलेल्या मेसेजचे काय, हा प्रश्न तरुण समुपदेशक हमखास विचारतात. उत्तर द्यायला बसले तर झोप जाते, न दिले तर काळीज धडधडते. कोणत्या वेळी मेसेज पाहिले जातील आणि त्या वेळेबाहेर संकट आले तर कोणाला फोन करायचा, हे पहिल्या भेटीतच छापील कागदावर द्यावे. हा कठोरपणा नाही. रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत लिहिलेले उत्तर संकटातल्या माणसाला पुरे पडत नाही, म्हणून ही सोय करायची.

चॅटबॉटशी बोलून झाल्यावर येणारे क्लायंट आता नवे राहिलेले नाहीत. त्यांना हिणवू नये. तिथे काय विचारले, काय उत्तर मिळाले, त्याने बरे वाटले का, हे विचारावे. त्यातून बरेच हाती लागते. समुपदेशकाने स्वतः मात्र भेटीच्या नोंदी सारांशासाठी अशा साधनात टाकू नयेत. नाव काढले तरी हकीकत ओळखू येते आणि तिच्यासाठी क्लायंटने संमती दिलेली नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने यंत्राकडून थेरपी देण्यावर कायद्यानेच बंदी घातली आणि परवानाधारक व्यावसायिकांना कार्यालयीन आणि पूरक कामापुरती मोकळीक ठेवली. आपल्याकडे अशी रेषा आखली जाईपर्यंत प्रत्येकाने ती स्वतःसाठी आखावी.

परदेशातल्या मराठी कुटुंबांकडून ऑनलाइन भेटींची मागणी वाढते आहे आणि आपल्या भाषेत रडता येणे याचे मोल न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्याला विचारावे. पण क्लायंट जिथे बसला आहे तिथला कायदा लागू होतो, ही गोष्ट पुण्यातून काम करणारे बरेच जण विसरतात. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा असतो. ब्रिटनमध्ये ‘काउन्सेलर’ हे नाव वापरायला कायद्याची आडकाठी नाही, पण मानसशास्त्रज्ञांच्या काही पदनामांना आहे. होकार देण्याआधी त्या ठिकाणचा नियम पाहावा आणि तिथला आपत्कालीन क्रमांक लिहून ठेवावा. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बसलेल्या माणसाच्या जिवावर बेतले तर पुण्यातून त्याच्या दारी कोणाला पाठवणार?

नोकरीचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिला की, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. कोचिंग क्लासही त्यात आले. पदे निघतील, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र सरकारी रुग्णालयांतल्या एचआयव्ही समुपदेशकांनी आणि किशोरवयीनांच्या ‘मैत्री’ केंद्रांतल्या समुपदेशकांनी कंत्राटी नेमणुकांवर वर्षानुवर्षे काय सोसले, ते शाळा-महाविद्यालयांत पुन्हा घडता कामा नये. समुपदेशक म्हणून नेमायचे आणि परीक्षेच्या पर्यवेक्षणाला, प्रवेशाच्या खिडकीवर, स्नेहसंमेलनाच्या तयारीला जुंपायचे, हे जागोजागी चालते.

म्हणून नेमणुकीच्या पत्रावर सही करण्याआधी काही गोष्टी लेखी मागाव्यात, आणि त्या मागण्यात संकोच मानू नये. दार लागणारी, बाहेर आवाज न जाणारी खोली. दिवसाला जास्तीत जास्त पाच भेटी आणि दोन भेटींच्या मध्ये नोंदींसाठी वेळ. नोंदींच्या कपाटाची किल्ली फक्त समुपदेशकाकडे. मुख्याध्यापकांना किती जण आले ते कळेल, कोण आले आणि काय बोलले ते कळणार नाही. शिक्षक म्हणून गुण देण्याची किंवा शिस्तभंगाच्या चौकशीत बसण्याची जबाबदारी समुपदेशकावर नसेल. आणि महिन्यातून दोन अर्धे दिवस सुपरव्हिजनसाठी, पगारी, सुपरव्हायझरची फी संस्थेने भरून. एखादी संस्था एकटीने ही फी भरू शकत नसेल, तर तालुक्यातल्या तीन-चार शाळांनी मिळून एक सुपरव्हायझर ठरवावा आणि त्यांच्या समुपदेशकांची बैठक आलटून-पालटून एकेका शाळेत घ्यावी.